तेलविहिरीतलं पाणी अडवणारं जेल : एम.एस्सी. करणाऱ्यांसाठी

कोल्हापूरच्या आसपास तेलाची एकही विहीर नाही. तरी शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना मी या विषयाचा विचार करा म्हणून सांगते, कारण यातलं निम्मं काम पॉलिमरचं आहे आणि ते आपल्याला येतं.

विहीर जुनी झाली की तेलासोबत येणारं पाणी वाढत जातं. जगभरात एका बॅरल तेलामागे साधारण तीन बॅरल पाणी वर येतं असा अंदाज आहे. ते उपसायचं, वेगळं करायचं, त्याची विल्हेवाट लावायची, हा सगळा खर्च कंपनीवर पडतो. म्हणून पाणी ज्या भेगांतून शिरतं तिथे पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचं पातळ द्रावण क्रोमियम अ‍ॅसिटेटसारखा क्रॉसलिंकर, म्हणजे पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना जोडणारं रसायन, घालून सोडतात. आत पोचल्यावर त्याचं जेल होतं.

खरी परीक्षा वेळेची असते. लवकर घट्ट झालं तर नळीतच अडकतं. उष्णता वाढली की क्रोमियमचं जेल फार घाई करतं. तिथे फिनॉल-फॉर्मल्डिहाइडसारखे सेंद्रिय क्रॉसलिंकर वापरतात. शिरोलीच्या फाउंड्रीत फिनॉलिक रेझिन घातलेली वाळू घट्ट होण्याआधी साच्यात भरायला किती वेळ मिळतो हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे लगेच कळेल.

सुरुवात बाटली चाचणीने करा. पॉलिमरची पावडर ढवळत्या पाण्यात चिमटीचिमटीने सोडा, नाहीतर गुठळ्या होतात आणि त्या नंतर मोडत नाहीत. द्रावण बंद बाटल्यांत भरून ओव्हनमध्ये ठेवा, ठरावीक वेळाने आडवं करून पाहा. अजिबात जेल नाही म्हणजे ए, ठोकल्यावर थरथरणारं कडक जेल म्हणजे जे, अशी श्रेणी देतात. आणि हे डिस्टिल्ड वॉटरमध्ये करून थांबू नका! विहिरीच्या पाण्यातले क्षार, विशेषतः कॅल्शियम, सगळं चित्र बदलतात. माझ्या मते नवख्यांचे बहुतेक देखणे निकाल इथेच कोसळतात.

नोकरीसाठी ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीत केमिस्टची पदं असतात. अहमदाबादला त्यांची इन्स्टिट्यूट ऑफ रिझर्व्हॉयर स्टडीज आहे. संशोधन करायचं तर सीएसआयआर-नेट द्या.

रसायनाबाहेरचं एकच आधी शिका : पाणी येतंय कुठून. पाणी-तेल गुणोत्तर आणि त्याच्या बदलाचा दर यांचे चॅन या संशोधकांनी १९९५ मध्ये मांडलेले आलेख त्याचा अंदाज देतात, पण केवळ त्यांवर विसंबू नका. भेगेतून येणारं पाणी जेलने अडवता येतं. तळाचं पाणी खडकातून वर चढत असेल तर जेल बहुधा टिकत नाही.