कॉलनीत ताशी 30 ची मर्यादा: ठराव सभेत आणि रस्त्यावर टिकवायचा कसा

सर्वसाधारण सभेत ‘अमुक नगरात वेगमर्यादा 30’ असा ठराव मंजूर झाला की मर्यादा लागू झाली, असं अनेक नगरसेवकही धरून चालतात. तसं नसतं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 112 प्रमाणे हा अधिकार राज्य सरकारचा किंवा सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचा. अधिसूचना निघावी लागते आणि कलम 116 प्रमाणे रस्त्यावर फलक लागावा लागतो. यातलं एक जरी राहिलं तरी दंडाची पावती वादात सापडते. म्हणून ठरावात ‘लागू करण्यात येत आहे’ असं न लिहिता ‘लागू करण्याची शिफारस’ असं लिहा. त्याची प्रत छत्रपती संभाजीनगरात पोलीस आयुक्तांकडे, मराठवाड्यातल्या बाकी जिल्ह्यांत जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांकडे पाठवा.

त्याआधी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते नगर अभियंत्याकडून लेखी घ्या. गल्ल्यांच्या यादीत सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा महामार्गाचा एखादा तुकडा घुसला, तर त्या एका तुकड्यापायी सगळा प्रस्ताव परत येतो. शहरातून आरपार जाणारा मुख्य रस्ता यादीत घेऊच नका. वेल्समध्ये 17 सप्टेंबर 2023 पासून वस्तीतल्या रस्त्यांवर सरसकट ताशी 20 मैलांची मर्यादा आली, तेव्हा लोकांची ओरड मुख्यतः अशाच रस्त्यांवरून झाली.

आता मोजमाप. ‘गाड्या लई जोरात जातात’ हे सभेत चालत नाही, आकडा लागतो. सरळ, मोकळ्या भागात टेपने 50 मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना रस्त्यावर खडूने आडवी रेघ मारा. गाडी पहिल्या रेषेवर आली की एकाने हात खाली करायचा, दुसऱ्या रेषेवरच्या माणसाने तिथपर्यंतची वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर घ्यायची. 180 ला सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटरमध्ये वेग मिळतो: 6 सेकंद म्हणजे 30, 4 सेकंद म्हणजे 45. गाडी 3 सेकंदांत पार होत असेल तर अंतर 100 मीटर करा आणि 360 ला भागा. कारण 3 सेकंदांच्या जागी 3.3 पडले तर 60 चा वेग 54.5 दिसतो, आणि सभेतला विरोधक नेमका तोच आकडा धरतो. किमान 100 वाहनं मोजा, पण ट्रॅक्टरमागे अडकलेली धरू नका. उभं राहायचं ते झाडाआड किंवा उभ्या गाडीआड. वही-पेन घेतलेला माणूस दिसला की ब्रेक लागतोच. लातूरच्या ट्यूशनच्या भागात क्लास सुटतानाचा तास आणि दुपारचा तास यांचे तक्ते वेगळे ठेवा. सगळे वेग चढत्या क्रमाने लावून शंभरातला 85 वा आकडा बघा, म्हणजे 85 टक्के गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो. तो 40 च्या पुढे असेल तर नुसत्या फलकाने काम भागणार नाही, गतिरोधक मागावा लागेल.

सभेत आक्षेप ठरलेले असतात. ‘लोकांचा वेळ जाईल’: 500 मीटरच्या गल्लीत 40 ने 45 सेकंद लागतात, 30 ने 60. फरक 15 सेकंदांचा. ‘आताही कुणी जोरात चालवत नाही’: तक्ता समोर ठेवा. केंद्राच्या 6 एप्रिल 2018 च्या अधिसूचनेत नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांसाठी कारला कमाल 70 आणि दुचाकीला 60 असे आकडे आहेत, हेही वाचून दाखवा: वेगळी मर्यादा आणली नाही तर हेच आकडे राहतात. मग थांबायचं अंतर: भारतीय रोड काँग्रेसच्या (रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) हिशेबात 50 च्या वेगाला 60 मीटर लागतात, 30 च्या वेगाला 30. ‘पोलीस कुठून आणणार’ हा आक्षेप मात्र खरा आहे, त्याला आकड्याने उत्तर नाही. त्यावर उपाय रस्त्याच्या रचनेतूनच काढावा लागतो.

फलक पांढरा, गोल, लाल कडेचा आणि आत काळ्या अंकात 30. ‘वाहने सावकाश चालवा’ असा नगरसेवकाच्या फोटोसकटचा बोर्ड म्हणजे वेगमर्यादा नव्हे. वस्तीत शिरायच्या प्रत्येक तोंडाला एक फलक लागतो, तेवढे मोजून अंदाजपत्रकात घ्या. काळ्या मातीत खांब रोवताना खड्डा पाऊण मीटर घ्या, तळाला काँक्रीटचा ठोकळा आणि भोवती मुरूम ठोकून भरा. निघालेली माती परत लोटली तर ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि दुसऱ्या दिवाळीपर्यंत खांब वाकतो. वाढदिवसाचा फ्लेक्स बांधता येणार नाही अशी जागा निवडा, हे लिहून ठेवण्याइतकं महत्त्वाचं आहे.

गतिरोधक गोलाकार हवा: वाहनाच्या दिशेने 3.7 मीटर रुंद, मधोमध 10 सेंटीमीटर उंच. त्यावरून ताशी 25 ने गाडी नीट जाते. आपल्याकडे उरलेल्या डांबराची हातभर रुंद, वीतभर उंच वरंबी घालतात. त्यावर कारचा तळ घासतो, मागे बसलेल्याची कंबर जाते, रुग्णवाहिकेला जवळजवळ थांबावंच लागतं, आणि महिन्याभरात कुणीतरी रात्री पहारीने ती उखडून टाकतं. उंची सांगून ठेकेदार ऐकत नाही. लाकडी साचा करून द्या. कडेला नालीकडे पाणी जायला फट ठेवावीच लागते, पण दुचाकीवाले तिथूनच काढतात, म्हणून फटीच्या पुढे-मागे एकेक खुंटा. काळे-पांढरे पट्टे आणि 40 मीटर आधी इशारा फलक. हंगामात उसाच्या जोड-ट्रॉल्या ज्या रस्त्याने जातात तिथे गतिरोधक टाळा, मोळ्या रस्त्यावर येतात.

सभा तरीही कुरकुरली तर महिन्याभराचा प्रयोग मागा. कलम 112 मध्येच सोय आहे: निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर अधिसूचनेची गरज नाही, प्राधिकाऱ्याचा आदेश आणि फलक पुरतात. पंचविसाव्या दिवशी पुन्हा मोजा, त्याच रेषांवर, त्याच तासाला, शक्यतो त्याच दोन माणसांनी, आणि दोन्ही तक्ते शेजारी-शेजारी छापून पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेला जोडा.