अपोलो जस्टिस खेळताना या चुका टाळा

'अपोलो जस्टिस' हा वकील होऊन कोर्टात खटले लढायच्या 'एस अटर्नी' मालिकेतला गेम. या मालिकेतले आधीचे तीन गेम खेळून आलेल्याची पहिली चूक सुरुवातीलाच होते: तो नवा नायक अपोलोमध्ये जुना नायक फीनिक्स राइट शोधत बसतो. कॅपकॉमने २००७ मध्ये जपानात निन्टेन्डो डीएसवर हा चौथा गेम आणला, तेव्हा सगळ्यांच्या लाडक्या वकिलाला थेट आरोपी करून टाकलं. त्याचा वकिलीचा बिल्ला सात वर्षांपूर्वीच गेलेला, नाव खुनाच्या खटल्यात अडकलेलं, आणि बचावाला उभा कोण, तर २२ वर्षांचा, पहिलाच खटला लढणारा अपोलो. राग येतो, मलाही आला होता. पण अपोलोची तुलना बाजूला ठेवून खेळा. या पोराची नजर वेगळी आहे आणि अख्खा गेम त्या नजरेवर उभा आहे.

ती नजर म्हणजे पर्सीव्ह, आणि सगळ्यात जास्त लोक अडकतात तेही इथेच. अपोलोच्या मनगटावरचं कडं घट्ट झालं की समजायचं, साक्षीदार काहीतरी दडवतोय. मग पडदा त्याच्या अंगावर जवळ जातो आणि जबानीचा एकेक शब्द सावकाश सरकू लागतो. इथे बहुतेक जण चेहऱ्यावरच खिळून राहतात. चेहरा सोडा. आधी बोटं पाहा, मग मान, खांदे, मग पुन्हा हात. एकच वाक्य चार वेळा फिरवावं लागलं तरी हरकत नाही. दर वेळी शरीराचा एकच भाग धरून बसा. लकब दिसली की ती नेमक्या कोणत्या शब्दावर होते ते बघा. हात वाक्यभर हलत नाही, एखाद्याच शब्दाला हलतो आणि खोटं त्या शब्दापाशी असतं. तो क्षण सापडतो तेव्हा खरोखर अंगावर काटा येतो.

दुसरी सवय मोडायची ती घाईने पुरावा फेकायची. जबानीत विसंगती जाणवली रे जाणवली की लोक हाती लागेल तो कागद दाखवतात आणि दंडाची पट्टी कमी होत जाते. आधी प्रत्येक विधानावर 'प्रेस' करा, म्हणजे साक्षीदाराला खोदून विचारा. त्याला बहुतेक वेळा दंड नसतो आणि कधी कधी जबानीच बदलते. पुरावा बरोबर पण विधान चुकीचं, असंही पुष्कळदा घडतं. म्हणून मनात एक वाक्य पूर्ण करून पाहा: 'हे म्हणणं खरं असेल, तर ही वस्तू अशी असूच शकत नाही.' वाक्य जुळलं नाही तर थांबा.

कोर्ट रेकॉर्डमधल्या, म्हणजे जमवलेल्या पुराव्यांच्या यादीतल्या वस्तू नुसत्या नावावरून ओळखू नका. उघडा, फिरवून मागची बाजू बघा, वर्णन पुन्हा वाचा, कारण खटला पुढे सरकतो तसं ते बदलतं.

तपासात गाडी अडली तर बहुधा कुणाला तरी काहीतरी दाखवायचं राहिलेलं असतं. नवा पुरावा मिळाला की भेटलेल्या प्रत्येकाला तो दाखवा. पोलीस डिटेक्टिव्ह एमा स्कायकडून बोटांचे ठसे घ्यायला शिकलात की पावडर सगळीकडे पसरून मगच फुंकर मारा. तिसऱ्या खटल्यात संगीताच्या कार्यक्रमाची चित्रफीत वारंवार दाखवतात आणि ती कंटाळवाणी होते, हे मान्य. तरी डोळे आणि कान उघडे ठेवा.

२०२४ मध्ये आलेल्या 'अपोलो जस्टिस: एस अटर्नी ट्रिलॉजी'त स्टोरी मोड आहे, त्यात गेम स्वतःच सगळं सोडवत जातो. अगदी अडलात तर लावा, पण पर्सीव्हच्या आधी बंद करा. नाहीतर अपोलो भेटलाच नाही असं होईल. त्यात हवा तो खटला निवडता येतो म्हणून उड्याही मारू नका. सरकारी वकील क्लेव्हियर गॅव्हिन आणि जादूगार ट्रूसी यांच्याशी जुळलेलं नातं क्रमानेच उलगडतं.

चौथ्या खटल्यासाठी मात्र वेळ राखून ठेवा. जपानात सामान्य नागरिकांना न्यायदानात बसवणारी पद्धत २००९ मध्ये सुरू झाली, आणि तिची तयारी चालू असताना आलेल्या या गेममध्ये ज्यूरी पद्धतीची चाचणी शेवटच्या खटल्यात येते. इथे सात वर्षांपूर्वीचा काळ आणि आजचा काळ अशी ये-जा करावी लागते. लोक एकाच काळात घुटमळत राहतात. एका काळात सापडलेली वस्तू दुसऱ्या काळातल्या माणसाला बोलतं करते, त्यामुळे वाट बंद झाली की त्याच खोलीत कोपरे धुंडाळू नका. काळ बदला आणि तिथल्या माणसांना हातातलं सगळं नव्याने दाखवा.