गोंगाटात पाठांतर होते का? शाळेत करावयाचा एक प्रयोग

लातूर-नांदेडकडे रस्त्यालगतच्या वर्गांतील मुले गोंगाटामुळे पाठांतर होत नसल्याचे सांगतात. ते खरे का, हे प्रयोगाने तपासता येते. आधी गृहीतक लिहावे: गोंगाटात शब्द कमी आठवतात. येथे गोंगाट हा स्वतंत्र चल (आपण मुद्दाम बदलतो ती गोष्ट) आणि आठवलेल्या शब्दांची संख्या हा आश्रित चल (त्यामुळे बदलते का, हे मोजतो ती गोष्ट) होय.

मुलांची दोन गटांत विभागणी हा सर्वांत नाजूक भाग आहे: गोंगाटात शब्द पाठ करणारा प्रायोगिक गट आणि शांततेत पाठ करणारा नियंत्रित गट. हुशार मुले एकाच गटात गेली तर फरक गोंगाटाचा की हुशारीचा, हे कळणारच नाही. म्हणून नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकून, नीट हलवून, एक चिठ्ठी प्रायोगिक गटाला व पुढची नियंत्रित गटाला द्यावी. शब्दयादी, वेळ, सूचना आणि खोली तीच ठेवावी. फक्त प्रायोगिक गटासाठी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेला आठवडी बाजाराचा आवाज लावावा. यादीत ज्वारी, कणीस, कडबा असे परस्परांशी जोडलेले शब्द नकोत, कारण एक आठवला की दुसरा आपोआप येतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या स्मृतिसंशोधनात निरर्थक अक्षरसमूह वापरले, ते याच अडचणीमुळे.

मुलांची व पालकांची संमती आधीच घ्यावी आणि उत्तरपत्रिकेवर नावांऐवजी क्रमांक टाकावेत. नंतर दोन्ही गटांची सरासरी काढावी. फरक न दिसल्यास तसेच नोंदवावे.