आज्जाचे कागद फोनात ठेवताय? या चुका टाळा

बेळगावच्या शहापुरात माझं झेरॉक्स-स्कॅनिंगचं दुकान आहे. मे महिन्यात पुण्या-मुंबईचे पाहुणे गावी आले की माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात आणि माझ्या काउंटरवर पिशव्या येतात. मोडीतले कागद, खरेदीखतं, शाळेचे दाखले, मांडवातले ग्रुप फोटो. २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यापासून कोल्हापूरकडचे सोयरेही इकडे जुने कागद विचारायला लागलेत. जपायची इच्छा चांगलीच आहे. पण प्रत्येकाला ते तासाभरात हवं असतं आणि चुका वर्षानुवर्षं त्याच.

"ग्रुपवर हाय की!"

ही माझी सगळ्यात नावडती. दोन वर्षांपूर्वी खानापूरकडचा एक तरुण आला. म्हणाला, मोडी कागदांच्या चांगल्या प्रिंट काढून द्या. मूळ कागद कुठं आहेत विचारलं, तर म्हणाला, "वाळवीनं खाल्ले. पण सगळं ग्रुपवर हाय की ओ मामा!" त्यानं कागद पलंगावर पसरून ट्यूबलाइटखाली फोटो काढले होते, व्हॉट्सॲपवर घरच्या ग्रुपला टाकले होते. मधे फोन बदलला, गॅलरीतले मूळ फोटो गेले. उरले ते ग्रुपवरचे.

व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीनं फोटो पाठवताना तो लहान करतं. चार एमबीचा फोटो काही शे केबीवर येतो. लग्नाच्या फोटोला ते चालून जातं, मोडीला नाही. आमच्या ओळखीच्या मोडी वाचणाऱ्या गुरुजींकडे प्रिंट नेली. मजकूर कसाबसा लागला, पण शेतसाऱ्याच्या आकड्यावर गाडी अडली. जुन्या लिखाणात पाव, अर्धा, पाऊण हे आकड्यापुढच्या उभ्या रेघांनी दाखवतात: ४। म्हणजे सव्वाचार, ४॥ म्हणजे साडेचार, ४॥। म्हणजे पावणेपाच. त्या फोटोत चारच्या पुढे नुसता काळा डाग होता. गुरुजींनी भिंगानं बघितलं, चष्मा पुसून परत बघितलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. तो पोरगा मला विचारतो, "मामा, फोटोशॉपमध्ये क्लिअर होईल न्हवं?" जे फोटोतच नाही ते मी कुठून आणू?

पाठवायचंच असेल तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मग तो आहे तसाच जातो. पण ग्रुप ही पाठवायची जागा आहे, ठेवायची नव्हे. मी कागद ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, स्कॅन करतो, जुने फोटो आणि बारीक अक्षर ६०० वर. मूळ प्रत टिफ या न झिजणाऱ्या मोठ्या फाइलीत ठेवतो आणि वाटायला लहान जेपेग देतो. जेपेग नुसती उघडून बघितल्यानं काही होत नाही, पण कापून, उजळून, परत परत सेव्ह केली की दर वेळी थोडी झिजते. स्कॅनर नसेल तर दिवसा खिडकीजवळ, फ्लॅश न लावता, फोन कागदाला समांतर धरून फोटो काढा. आणि स्कॅनच्या ॲपमधला तो 'ब्लॅक अँड व्हाइट' पर्याय कृपा करून वापरू नका. कागद पांढराशुभ्र दिसतो खरा, पण फिकी शाई आणि शिक्के त्यात धुऊन जातात.

एकच कार्ड, एकच पेनड्राइव्ह, एकच कपाट

ही चूक माझी स्वतःची, म्हणून पोटतिडकीनं सांगतो. आमच्या मूळ गावी सुगी झाली की हेळवी यायचे. दारात बसून चोपडी उघडायची आणि आमच्या घराण्याच्या पिढ्या सांगत जायच्या, कोण कुठून आला, कोणाला किती पोरं, कोण दत्तक गेला. अर्धं कानडी, अर्धं मराठी, सगळं एका चालीत. २०११ साली मी त्या म्हाताऱ्या हेळव्याचं सगळं सांगणं फोनवर रेकॉर्ड केलं. तासाभराचं होतं. मेमरी कार्ड काढलं, काड्यापेटीत घातलं, काड्यापेटी गोदरेजच्या कपाटात. मनात म्हटलं, आता काळजी नाही.

सात वर्षांनी कार्ड लॅपटॉपला लावलं तर त्यानं विचारलं, फॉरमॅट करू का? मी दुकानात होतो. भाच्यानं 'हो' म्हटलं आणि रिकामं कार्ड मिळालं म्हणून त्यावर वाढदिवसाचं शूटिंग केलं. नुसतं फॉरमॅट झालं असतं तर बऱ्याचदा डेटा परत काढता येतो. त्यावर नवीन लिहिलं गेलं की संपलं. म्हातारा तोवर वारला होता. त्याचा मुलगा येतो, चोपडी आहे, नावं वाचून दाखवतो. ती चाल नाही.

पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डात डेटा विजेच्या भाराच्या रूपात असतो. वर्षानुवर्षं नुसतं पडून राहिलं तर तो भार झिरपत जातो. हार्ड डिस्कचे भाग फिरते असतात, ती पडली की गेली. घरी लिहिलेल्या सीडीवरचा रंगाचा थर खराब होतो, त्यात आपल्याकडचा पाऊस आणि बुरशी. म्हणजे कायमचं असं काही नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. माझी एक हार्ड डिस्क घरात, दुसरी पुण्याला बहिणीकडे आणि तिसरी प्रत क्लाउडवर. शेजारच्या खोलीतली प्रत ही प्रत धरू नका. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात घरात पाणी शिरलं, तेव्हा कपाटं वेगवेगळी असून काय उपयोग झाला?

तीनशे रुपयांत 'दोन टीबी'चा पेनड्राइव्ह मिळाला म्हणून खूश होऊन येणारे वेगळेच. आत खरी जागा थोडीच असते. ती भरली की पुढच्या फाइली नावापुरत्या दिसतात, उघडत नाहीत.

क्लाउड आहे, पण पासवर्ड आप्पांना माहीत

आणि आप्पा नाहीत. गुगलवर फुकट जागा १५ जीबी, तीही मेल आणि फोटो मिळून. दोन वर्षं खातं कोणी वापरलंच नाही तर ते पुसायचा अधिकार कंपनी ठेवते. पासवर्ड वहीत लिहून तिघांना सांगा. गुपित ठेवण्यासारखं त्यात काय आहे?

फाइलचं नाव 'आयएमजी ००४७'

यावर काय बोलू. वर्ष, गाव, कागदाचा प्रकार, माणसाचं नाव, याच क्रमानं नाव द्या. वर्ष आधी लिहिलं की फाइली आपोआप ओळीत लागतात. फक्त ते वर्ष नीट वाचा. एकानं फाइलला १८५२ नाव दिलं आणि पाहुण्यांत सांगत सुटला की आमचा कागद बंडाच्या आधीचा. कागदावर होतं शके १८५२. त्यात ७८ मिळवा, म्हणजे १९३०. शकाच्या वर्षाच्या शेवटी, जानेवारी ते गुढीपाडवा, ७९.

वंशावळ जुन्या फॉन्टमध्ये

डीटीपीवाल्याकडून शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वंशावळ दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा टायपिंगमध्ये, बदलून घ्या आणि सोबत पीडीएफ ठेवा. १९५६ साली आपला भाग म्हैसूर राज्यात गेला, म्हणून आपल्या ट्रंकेत त्याआधीचे कागद मोडी-मराठीत, नंतरचे बरेचसे कानडीत. दोन्हींसाठी युनिकोडच बरं.

लॅमिनेशन

नको. सेलोटेपही नको. दोन्ही मी दुकानात करतो, पण जुन्या कागदाला नाही म्हणतो आणि लोक रागावून पुढच्या दुकानात जातात.

आता माझं एक खूळ. खंडेनवमीला दुकानातल्या मशिनींना हळदीकुंकू लावतो तेव्हा दोन्ही डिस्क काढतो. बहीण सणाला आलेली असते, तिची डिस्क तिच्याबरोबर येते. दोन्ही लावून प्रत्येक फोल्डरमधल्या चार-पाच फाइली उघडून बघतो. गेल्या वेळी माझ्या डिस्कवरचा आज्जीच्या लग्नाचा फोटो अर्धा राखाडी आला. बहिणीच्या डिस्कवरून परत उतरवून घेतला आणि नवी डिस्क मागवली.