अर्धशिशीसाठी किटो: इंदूरकरांनी सुरुवात कशी करावी

किटो म्हणजे भरपूर चरबी आणि अगदी कमी कर्बोदकांचा आहार. कर्बोदकं दिवसाला साधारण 20 ते 50 ग्रॅमवर आणली की यकृत चरबीपासून कीटोन तयार करतं आणि मेंदू साखरेऐवजी बराचसा त्यांच्यावर चालतो. फिट्‌सच्या आजारासाठी हा आहार 1921 पासून दिला जातोय. अर्धशिशीवरचे अभ्यास मात्र छोटे आहेत. काहींचे अटॅक कमी झाले, सगळ्यांचे नाही. म्हणून चालू गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत.

आधी महिनाभर कॅलेंडरवर लिहा: डोकं कधी उठलं, किती तास दुखलं, कोणती गोळी घेतली, झोप, पाळी. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 दिवस किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीच्या अटॅकवरची खास गोळी) 10 दिवस लागत असेल, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखत असू शकतं.

ती नोंद घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा. साखर, चरबी, किडनी आणि लिव्हरच्या तपासण्या करून घ्या. गरोदरपण, टाइप 1 मधुमेह, स्वादुपिंडाचा किंवा लिव्हरचा आजार, मुतखडा यांपैकी काही असेल तर स्वतःहून सुरू करूच नका. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डोस बदलावा लागतो. त्यातल्या ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्यांबरोबर किटो धोक्याचा आहे. टोपिरामेट (अर्धशिशी टाळण्यासाठी दिली जाणारी गोळी) घेत असाल तर तेही सांगा, दोन्ही मिळून मुतखड्याची शक्यता वाढते.

आता खरी अडचण: सकाळचे पोहे. 100 ग्रॅम कोरड्या पोह्यांत कर्बोदकं 75 ग्रॅमच्या आसपास. एका प्लेटीतच दिवसाचा कोटा जवळपास संपतो, जिलबीचं तर बोलायलाच नको. शेव बेसनाची, म्हणून तीही गेली. भुट्ट्याचा कीस, गराडूचा कंद, वरण, पोळी, सगळं बंद. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, आणि फार वेळ उपाशी राहिल्यानेही अर्धशिशी उठते. तेव्हा उपास सध्या नकोच. सासूबाईंना डॉक्टरांचं नाव सांगा.

फ्लॉवर किसून मोहरी, हिरवी मिरची, कढीपत्त्याच्या फोडणीवर परतला की दिसतो पोह्यांसारखा. चव तशी नसते, उगाच आशा धरू नका. त्यापेक्षा तुपातली पनीर भुर्जी, वरून जिरावन मसाला, हे मला जास्त पटतं. अंडी चालत असतील तर काम सोपं. जेवणात दोडका, पालक, मेथी, कोबी, वर तिळाचं कूट किंवा ओलं खोबरं आणि भरपूर तूप. शेंगदाणे मूठभरच.

पहिल्या आठवड्यात शरीरातून पाणी आणि मीठ जास्त जातं, थकवा येतो, डोकंही दुखू शकतं. तेवढ्यावरून किटो सोडू नका. पाणी वाढवा, बीपी किंवा किडनीचा त्रास नसेल तर पालकाच्या पातळ सूपमध्ये मीठ जरा जास्त घाला. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातली जागरणं टाळा, कारण झोपमोड हेही कारण असतंच. अचानक असह्य डोकेदुखी, बोलणं अडखळणं किंवा हातापायातली ताकद जाणं, यांना किटोचा त्रास समजू नका. थेट इमर्जन्सी गाठा.

तीन महिन्यांनी कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवून बघा. दुखण्याचे दिवस कमी झाले नसतील तर थांबा. सोडतानाही एकदम नाही: आधी एक फुलका, आठवड्याने दुसरा, आणि नोंद चालूच.