सपोर्ट संपलेला विंडोज वापरताय?

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, विंडोज ७ चे तर 2020 मध्येच. मशीन चालू राहतं, पण सुरक्षेतली नवीन सापडलेली भोकं बुजत नाहीत. विंडोज १० असेल तर आधी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन मुदतवाढीच्या सुरक्षा अपडेटसाठी नावनोंदणी करा. घरगुती वापरासाठी ही सोय 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत जाहीर झाली होती.

जुन्या मशीनवर सर्वांत आधी एसएमबी १ (नेटवर्कवरून फाइल्स शेअर करायची विंडोजची जुनी पद्धत) बंद करा. 2017 मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, याच वाटेने पसरला, कुणी कशावर क्लिकही न करता. कंट्रोल पॅनलमध्ये ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ उघडा, एसएमबी १ समोरची खूण काढा, रीस्टार्ट करा. विंडोज ७ मध्ये ही खूण दिसत नाही, तिथे रजिस्ट्रीतून (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदीतून) बंद करावं लागतं. जाणकाराकडून करून घ्या.

रोजच्या कामाला अ‍ॅडमिन (सगळे अधिकार असलेलं खातं) नको, साधं खातं वापरा. अँटिव्हायरस हवाच, पण तो सुरक्षा अपडेटची जागा घेत नाही. बँकेचे व्यवहार मात्र दुसऱ्या, अपडेट मिळणाऱ्या उपकरणावरच करा, कृपया. फाइल्सचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि झाल्यावर केबल काढून ठेवा. जोडलेली डिस्क रॅन्समवेअर सोडत नाही.