बजरीगरच्या पिल्लांचे रंग आधी कसे ओळखावेत

सोलापुरात ‘लव्हबर्ड’ म्हणून घरोघरी पाळले जाणारे छोटे पोपट बहुधा मूळचे ऑस्ट्रेलियातील बजरीगर असतात. हिरव्या जोडीला निळे किंवा लाल डोळ्यांचे पिवळे पिल्लू झाले, की अनेकांना तो योगायोग वाटतो. प्रत्यक्षात ते रंग आईबापांत आधीपासूनच दडलेले असतात आणि बऱ्याच वेळा त्यांचा हिशेब मांडता येतो.

सर्वांत आधी प्रत्येक जोडीला स्वतंत्र पिंजरा द्यावा. मोठ्या सामाईक पिंजऱ्यात पिल्लाचा बाप कोण हे खात्रीने सांगता येत नाही आणि मग पुढचे सारे गणित व्यर्थ ठरते. आधीच्या नरापासून वेगळे केल्यानंतरही मादी काही दिवस फलित अंडी घालू शकते, म्हणून नवी जोडी लावण्यापूर्वी तिला तीन आठवडे एकटे ठेवावे.

त्यानंतर दोन्ही पक्ष्यांचा दिसणारा रंग वहीत लिहावा आणि आईबापांचा रंग माहीत असल्यास तोही नोंदवावा. हिरवा रंग पिवळे रंगद्रव्य आणि पिसांच्या रचनेतून दिसणारा निळा यांच्या मेळातून तयार होतो. पिवळे रंगद्रव्य तयार झाले नाही, तर पक्षी निळा दिसतो. त्यामागचा जनुकीय बदल संशोधकांनी 2017 मध्ये शोधून काढला. हिरवा निळ्यावर प्रभावी असल्याने निळ्याचे जनुक लपवून बाळगणारा हिरवा पक्षी, ज्याला पाळणारे ‘स्प्लिट’ म्हणतात, शुद्ध हिरव्यासारखाच दिसतो. दोन निळ्यांची सर्व पिल्ले निळीच होतात. स्प्लिट हिरवा आणि निळा यांची सरासरीने निम्मी निळी, तर दोन स्प्लिट हिरव्यांची चौथा हिस्सा निळी होतात. मात्र ही सरासरी आहे: अशा दोन स्प्लिटांना चार पिल्ले झाली, तर चारही हिरवी असण्याची शक्यता 32 टक्क्यांच्या आसपास असते. म्हणून एका वेतावरून निष्कर्ष काढू नये. हिरवा पक्षी स्प्लिट आहे का हे पाहायचे असेल, तर त्याची जोडी निळ्याशी लावावी. एक जरी निळे पिल्लू झाले, तरी उत्तर मिळते.

गडदपणाचा हिशेब वेगळा आणि अधिक सोपा आहे, कारण तो लपत नाही. फिकट हिरवा आणि ऑलिव्ह, म्हणजे सर्वांत गडद हिरवा, यांची सर्व पिल्ले मधल्या, गडद हिरव्या छटेची होतात. आकाशी आणि मॉव्ह, म्हणजे निळ्यातली सर्वांत गडद छटा, यांची सर्व कोबाल्ट, म्हणजे मधल्या निळ्या छटेची, होतात.

खरा गोंधळ लुटिनोच्या, म्हणजे लाल डोळ्यांच्या पिवळ्या पक्ष्याच्या बाबतीत होतो, कारण हे जनुक झेड या लिंगगुणसूत्रावर असते. पक्ष्यांत नराला झेड गुणसूत्रे दोन आणि मादीला एकच असते, त्यामुळे मादी लुटिनोसाठी स्प्लिट असूच शकत नाही. लुटिनो नर आणि साधी हिरवी मादी यांच्या सर्व मुली लुटिनो होतात आणि सर्व मुलगे हिरवे, पण स्प्लिट होतात. हीच जोडी उलट लावली, म्हणजे नर शुद्ध हिरवा आणि मादी लुटिनो घेतली, तर एकही पिल्लू लुटिनो होत नाही. पहिल्या जोडीचा मोठा फायदा असा, की घरटे म्हणून टांगलेल्या मडक्यातल्या पिल्लाचे लिंग रंगावरूनच कळते. माझ्या मते नवशिक्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी.

जोडी निरोगी आणि किमान वर्षभराची असावी. भावंडांची जोडी लावू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि पत्र्याच्या छताखालची मडकी भट्टीसारखी तापतात, म्हणून दिवाळीनंतर जोडी लावणे उत्तम. अंडी एक दिवसाआड घातली जातात, ती सुमारे 18 दिवसांनी फुटतात आणि पिल्ले पाचव्या आठवड्यात बाहेर येतात, म्हणजे साधारण जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास ती मडक्याबाहेर दिसू लागतात. उन्हाळ्यात मडकी काढून पक्ष्यांना विश्रांती द्यावी.

पिल्ले फुटल्यावर अंदाज आणि प्रत्यक्ष रंग शेजारी शेजारी लिहावेत. डोळे मिटलेले असतानाही पातळ कातडीखालून ते गुलाबी दिसतात की काळे हे कळते. हिरव्या आईबापांच्या मडक्यात लुटिनो पिल्लू निघाले, तर ते मादी आहे आणि बाप स्प्लिट आहे, असे दोन्ही निष्कर्ष लगेच नोंदवावेत. वहीत बापाच्या नावापुढे ‘हिरवा’ खोडून ‘हिरवा, लुटिनो स्प्लिट’ असे लिहावे आणि पुढील जोडी त्या नोंदीवरून ठरवावी.